वहीत ‘कोण’ असतं, ‘कुठे’ नसतं: दफनभूमीच्या नोंदी पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या सिमेट्री कमिटीचं दफ्तर माझ्याकडे आलं ते एका कापडी पिशवीतून. तीन रजिस्टरं, दोन पावतीपुस्तकं, ट्रेसिंग पेपरवरचा एक फाटका नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा. आधीचे सेक्रेटरी काका वयामुळे थकले होते. पिशवी देताना म्हणाले, “सगळं लिहिलेलं आहे जी, तुम्हाला फक्त पुढचं लिहायचं आहे.” पुढच्याच रविवारी दोन भाऊ आले. वडिलांची कबर पक्की बांधायची होती. वहीत वडिलांचं नाव होतं, वय होतं, तारीख, पावती क्रमांक, पाळकांची सही, सगळं होतं. कबर कुठे आहे तेवढं नव्हतं. खोदकाम करणाऱ्या बाबांना घेऊन आम्ही चौघं तासभर गवतात फिरलो. शेवटी सापडली, पण ती बाबांच्या डोक्यातून सापडली, वहीतून नाही.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायची गोष्ट हीच. मेलेल्या माणसाची नोंद महानगरपालिका ठेवते, चर्च किंवा जमात ठेवते, घरचे तर ठेवतातच. जागेची नोंद ठेवणारे आपण एकटे. त्यामुळे बाकी रकाने थोडे कच्चे राहिले तरी निभावतं, जागेचा रकाना कोरा राहिला की वही नुसती नावांची यादी होते.

मी ख्रिस्ती दफनभूमीचं काम पाहतो, म्हणून उदाहरणं तिथली येतील. पण नागपुरात मोमीनपुऱ्यापासून ताजबागेपर्यंत कब्रस्तानं आहेत, लिंगायत समाज दफन करतो, आणि हिंदूंच्या घाटावरही तान्ह्या मुलांना पुरायचा एक कोपरा असतो. मोजायचा टेप सगळीकडे सारखाच लागतो.

आधी पिशवी रिकामी करा

पहिले पंधरा दिवस जुन्या नोंदीत काही लिहू नका आणि काही सुधारू नका. मधे कोणाची माती आली तर तेवढी नवी नोंद करा, बस. या पंधरा दिवसांत प्रत्येक रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. पुठ्ठा, कोरी पानं, पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा सोडू नका. खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. पानांवर क्रमांक नसतील तर कोपऱ्यात शिसपेन्सिलीने घाला. आधी फोटो कशासाठी, तर उद्या कोणी म्हणालं की “हे नाव तुम्ही मागाहून घातलं”, तर दाखवायला काहीतरी पाहिजे. जागेवरून भांडणं होतात. मेल्यावर माणूस भांडत नाही, पण त्याची चार मुलं भांडतात.

मग इतर कुठे काय लिहिलेलं आहे ते शोधा. पावतीपुस्तक हा कमी लेखला जाणारा कागद आहे. कबर कच्ची की पक्की, पेटी होती की नाही, पैसे कोणी भरले, हे बऱ्याचदा तिथेच असतं. आणि पैसे भरणारा माणूस म्हणजे तीस वर्षांनी शोधायचा पहिला धागा. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मृतांचं वेगळं रजिस्टर असतंच, कारण दफनानंतर त्यात नोंद करावी असं त्यांच्या धर्मविधीच्या कायद्यातच सांगितलेलं आहे. प्रोटेस्टंट मंडळींच्या बाबतीत गोष्ट जरा गुंतागुंतीची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याआधी अँग्लिकनांची वही वेगळी, स्कॉटिश मिशनच्या परंपरेतल्यांची वेगळी. तुमच्या दफनभूमीतल्या १९५५ सालच्या कबरीची नोंद आज भलत्याच चर्चच्या कपाटात असू शकते. पाळकांना भेटा, चहा घ्या, घाई करू नका. पहिल्या भेटीत कपाट उघडत नाही.

कामठीकडच्या जुन्या कबरी हा वेगळाच प्रकार. तिथली छावणी १८२१ सालची आणि मद्रास सैन्याची. त्यामुळे तिथल्या गोऱ्या सैनिकांच्या दफनांच्या प्रती मद्रासच्या चर्च-दफ्तरातून लंडनला गेल्या आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. याशिवाय मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची एक यादी क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने तयार केली होती, ती १९३२ साली नागपुरात सरकारी छापखान्याने छापली. दगडावरची अक्षरं झिजली असतील तर अशा यादीतून मजकूर परत मिळू शकतो. परदेशातून खापरपणजोबांचा शोध घेत कोणी आलं तर त्यांना हे दोन पत्ते द्या. तुमचाही वेळ वाचतो.

जमिनीचे कागद विसरू नका. नागपूर शहरात पुष्कळ जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या आहेत. तेव्हा नगर भूमापनाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहायची, आणि जागा शहराच्या कडेला असेल तर सात-बारा. त्यावरचं क्षेत्रफळ आणि कुंपणाच्या आतलं क्षेत्रफळ जुळत नसेल तर आश्चर्य मानू नका, पण ते कमिटीच्या कानावर लेखी घाला. ते भांडण तुमचं नाही. तुमच्या नकाशाची कड मात्र त्यावर ठरते.

टेप, दोरी, खुंट्या

मोजणी दिवाळीनंतर करायची. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती फुगते, पायाला चिकटून जोडा ओढून घेते, आणि गवत कमरेइतकं असतं. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, टेप धरायला कोणी येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपले.

हा फुगण्या-आक्रसण्याचा खेळ समजून घ्या, कारण दगड त्यामुळेच हलतात. वर्षानुवर्षं माती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते आणि उभा क्रूस कलतो, आडवी फरशी सरकते. कधी पडलेला दगड कोणीतरी भल्या मनाने उचलून शेजारच्या कबरीवर ठेवतं. म्हणून दगड हा पुरावा नाही, तो साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी घ्यायची.

मोजायला सुरुवात हलणार नाही अशा ठिकाणाहून करा. झाड नको. आमच्या जुन्या नकाशात एक ओळ “चिंचेपासून” मोजलेली होती, आणि चिंच माझ्या आधीच पडली होती. विहिरीचा कठडा, गेटचा पाया घातलेला खांब, चॅपलचा कोपरा असं काही तरी घ्या. अशा दोन जागा पक्क्या करा, त्यांना रंग लावा, फोटो काढा, आणि दोन्हींमधलं अंतर नकाशावर ठळक लिहा. त्यांना जोडणारी रेघ ही तुमची पायारेघ.

पायारेघेवर काटकोन काढायला गवंड्याचा गुण्या लहान पडतो. दोरीवर गाठी मारून ६, ८ आणि १० फूट बाजूंचा त्रिकोण ताणा, १० फुटी बाजूच्या समोरचा कोपरा बरोबर काटकोन येतो. टेप फायबरचा किंवा स्टीलचा, तीस मीटरचा. कापडी टेप ताणला की वाढतो.

इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो, मीही केली. एक कबर मोजली, तिथून पुढची मोजली, तिथून पुढची. प्रत्येक वेळी दोन इंच चुकले तर तीस कबरींच्या ओळीत साठ इंच, म्हणजे पाच फूट चुकले. कबरीची जागा चार फूट रुंद असते. म्हणजे ओळीच्या शेवटी तुम्ही एक अख्खं माणूस चुकलात. टेपचं शून्य पायारेघेवरच ठेवा, टेप जमिनीवर पसरून ठेवा आणि ओळीतल्या प्रत्येक कबरीचा आकडा त्याच शून्यापासून वाचा.

जुन्या भागात ओळी नसतातच. कबरी वाकड्यातिकड्या, मधे एखादी लहान मुलाची. तिथे चौकटी आखायचा हट्ट सोडा. प्रत्येक कबरीच्या डोक्याकडचा मधला बिंदू धरा आणि तुमच्या दोन पक्क्या जागांपासून त्याचं अंतर घ्या. दोन अंतरं आणि पायारेघेची कुठली बाजू एवढं लिहिलं की तो बिंदू कागदावर कंपासने कोणालाही परत काढता येतो, दगड राहो न राहो. डोकं कुठल्या बाजूला हे माहीत असावं लागतं. ख्रिस्ती परंपरेत बहुधा डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. आपल्याकडच्या मुस्लिम कबरी दक्षिणोत्तर असतात, डोकं उत्तरेला आणि चेहरा पश्चिमेकडे, किब्ल्याला वळवलेला. जागा अरुंद पडली म्हणून आडवी-तिडवी केलेली दफनंही सापडतील, तेव्हा नकाशावर डोक्याच्या बाजूला छोटा टिंब देण्याची सवय ठेवा.

मोबाइलच्या जीपीएसवर फार भिस्त ठेवू नका. मोकळ्या आभाळाखालीही तो तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. तेवढ्यात आमच्या ओळीतल्या तीन-चार कबरी बसतात. गेटपर्यंत यायला जीपीएस ठीक, गेटच्या आत टेप.

आणि खोदणाऱ्या माणसाला सोबत घ्या. मी एकदा रिकाम्या दिसणाऱ्या पट्ट्यात खुट्टी ठोकायला गेलो तर बाबा म्हणाले, “तिथी नका ठोकू जी, तिथं पहिलेच आहे एक. तुम्ही नकाशा पाहून राह्यले, मी जमीन पाहून राह्यलो.” माती खचून हलका खळगा पडला होता, गवताचा रंगही वेगळा होता; मला दिसलं नव्हतं. अशी बिननावाची जागा नकाशावर ‘भरलेली, नाव माहीत नाही’ म्हणून दाखवा. रिकामी म्हणून दाखवली तर एक दिवस तिथेच खोदाल.

प्लॉटचा पत्ता

भागाला अक्षर, ओळीला आकडा, ओळीतल्या जागेला आकडा. ब-०७-१२ म्हणजे ब भाग, सातवी ओळ, बारावी जागा. ओळी कुठल्या भिंतीकडून मोजायच्या आणि जागा कुठल्या हातापासून, हे रजिस्टरच्या पहिल्याच पानावर एका वाक्यात लिहून ठेवा. आमच्याकडे एका सेक्रेटरींनी गेटकडून मोजलं होतं आणि पुढच्यांनी विहिरीकडून. आठ वर्षांच्या नोंदी मला उलट्या वाचाव्या लागल्या. एकदा दिलेला पत्ता पुन्हा बदलायचा नाही. मधे जागा निघाली तर १२-अ करा, पुढचे आकडे सरकवू नका.

नकाशा आलेख कागदावर, १ सेंटिमीटरला १ मीटर. प्रत्येक भागाचा वेगळा कागद. याच वेळी किती जागा उरली त्याचाही हिशेब कमिटीला करून द्या. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. रस्ते, झाडं, विहीर, भिंतीलगतची पट्टी यात निम्मी जागा जाते असं धरा, उरली २१,७८०. आठ बाय चारचा प्लॉट म्हणजे ३२ चौरस फूट, तर सुमारे ६८० कबरी. वर्षाला किती माती येतात त्याने भागा. आमच्या कमिटीत हा भागाकार फळ्यावर मांडला त्या दिवशी पहिल्यांदा पक्क्या बांधकामाच्या फीवर गंभीर चर्चा झाली.

वहीचे रकाने

छापील रजिस्टर मिळालं तरी त्यात आपले दोन-तीन रकाने वाढवावे लागतात. नाव, वडील किंवा पती, वय, पत्ता हे सगळे लिहितात. मी ज्यावर अडून बसतो ते सांगतो.

तारखा दोन. मृत्यूची वेगळी, दफनाची वेगळी. दगडावर “प्रभूत निजला” म्हणून जी तारीख असते ती मृत्यूची. वहीत बहुधा दफनाची असते. मुलगा दुबईहून येईपर्यंत मेयो रुग्णालयाच्या शवागारात तीन दिवस ठेवलं, असं घडतंच. एकच तारीख लिहिली की पुढे दगड आणि वही भांडतात.

नावंही दोन. आधार किंवा मृत्यू दाखल्यावरचं एक आणि घरी-वस्तीत हाक मारायचं दुसरं. बाईच्या बाबतीत माहेरचं नावही विचारा. शोधायला येणारी नात आजीचं कागदावरचं नाव सांगेल असा भरवसा नाही. आणि योहान, जॉन, जोहन ही एकाच माणसाची तीन कागदांवरची तीन रूपं असू शकतात. कब्रस्तानात मोहम्मद, मो. आणि मुहम्मद यांचं तेच.

खोली लिहाच. नवरा-बायकोला एकाच जागी ठेवायचं म्हणून घरचे सांगतात, तेव्हा पहिली कबर खोल घ्यावी लागते. पहिलं दफन नेहमीच्याच खोलीवर झालं असेल तर वर दुसऱ्याला जागा उरत नाही, आणि वीस वर्षांनी ते सांगायची पाळी तुमच्यावर येते. शिवाय सगळीकडे हवं तेवढं खोदता येतं असंही नाही. शहराच्या पश्चिम बाजूला मुरूम आणि त्याखाली काळा दगड लवकर लागतो. खोदताना किती फुटांवर काय लागलं ते शेऱ्यात टाका, पुढच्या माणसाची कुदळ वाचेल.

त्याच जागी आधी कोण होतं हा रकाना आमच्या जुन्या वहीत नव्हता. जागा पुन्हा वापरली जाते, कब्रस्तानात तर ती रीतच आहे. किती वर्षांनी वापरायची हे कमिटीने ठरवायचं. आपण इतकंच पाहायचं की नव्या नोंदीत जुन्या नोंदीचा क्रमांक यावा आणि जुन्या नोंदीच्या शेऱ्यात नव्याचा. राखून ठेवलेल्या जागेसाठी वेगळी वही करा: कोणी, कोणासाठी, कधी, किती पैसे भरून, ठरावाची तारीख. तोंडी राखीव जागा ही राखीव नसते.

चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. वर बरोबर मजकूर, तारीख, सही आणि कशाच्या आधारे बदललं ते. व्हाइटनर दफ्तरातूनच हद्दपार करा.

मातीच्या दिवशी

फोन येतो तो बहुधा पहाटे. फोनवर चारच गोष्टी विचारा: नाव, मृत्यू कुठे झाला, नैसर्गिक की पोलीस केस, आणि घरातलं आधीचं कोणी आपल्याकडे आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण घरच्यांना शेजारी जागा हवी असते आणि खड्डा खोदून झाल्यावर ते आठवतं.

कागद पाहा. दवाखान्यात मृत्यू असेल तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ वर, घरी असेल आणि डॉक्टरांनी पाहिलं असेल तर ४-अ. अपघात, आत्महत्या, जळणं, विषबाधा, काहीही संशय असेल तर पोलिसांचं पत्र आणि शवविच्छेदन झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही, मग दारात कितीही गाड्या उभ्या असोत. मेडिकलमधून, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, मृतदेह येतो तेव्हा हे कागद सहसा सोबतच असतात, पण ते कोणा पुतण्याच्या खिशात असतात आणि पुतण्या शेवटच्या गाडीत असतो. विचारून घ्या, फोटो काढा, परत द्या.

खोदायच्या आधी नकाशावर जागा दाखवून नातेवाइकांपैकी एकाची सही घ्या. खुट्टी ठोका, टेप लावा. आणि नोंद तिथेच, खड्ड्याजवळ, पॅडवर कच्ची करा. वहीत पक्की त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी लिहू म्हणालात की आठवड्याने लिहाल. करोनाच्या लाटेतली, २०२१ च्या एप्रिलमधली आमची पानं पाहिली की हे कळतं. तेव्हा एका दिवसात इतकी कामं आली की नावं लिहिली गेली आणि जागा राहिल्या. त्यातल्या काही अजून राहिलेल्याच आहेत.

घरचे रडत असतात. स्पेलिंग विचारायला जीव होत नाही. अशा वेळी घरातला थोडा लांबचा, शांत माणूस हेरा, बहुधा जावई किंवा शेजारी, आणि त्याच्याकडून कागदावर नाव लिहवून घ्या. चुकलं तर त्याच्या अक्षरात चुकेल.

महानगरपालिकेची नोंद आणि आपली

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक रोज त्यांची गल्लत करतात. आपली पावती म्हणजे मृत्यू दाखला नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खाली मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, जिथे दफन झालं तिथे नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात वारलेल्या नागपूरकराचा दाखला वर्धा जिल्ह्यातून निघणार. मेडिकलमध्ये वारलेल्या काटोलच्या माणसाची माती काटोलला झाली तरी दाखला नागपूरचा.

मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. घरी वारलेल्यांच्या नोंदीच राहून जातात, म्हणून पावती देतानाच मी नातेवाइकांना झोन कार्यालयात जायला सांगतो आणि शेवटची तारीख पावतीच्या मागे लिहून देतो. याच कायद्याच्या कलम १० मध्ये मृतदेहाच्या विल्हेवाटीसाठी राखलेल्या जागेच्या मालकाचा आणि राखणदाराचाही उल्लेख आहे. मृत्यूची खबर देणाऱ्यांत त्यांना धरलं आहे. तुमच्या हद्दीत मनपाला यादी कधी आणि कशी द्यायची ते झोनच्या आरोग्य विभागात जाऊन विचारा आणि दिलेल्या यादीची पोच ठेवा.

वर्ष उलटून गेलेल्या प्रकरणात लोक तुमच्याकडे दफनाचा दाखला मागायला येतील. द्या, पण वहीत आहे तेवढंच, आणि “नोंदीनुसार” हा शब्द घालून. मृत्यूचं कारण, मृत्यूची वेळ असं जे आपण पाहिलं नाही ते लिहून देऊ नका. मालमत्तेच्या वादात एका दिवसाच्या फरकावर किंमत ठरते आणि तो एक दिवस कोणाला तरी हवा असतो.

अवघड नोंदी

मृत जन्मलेल्या बाळाची सरकारी नोंद वेगळ्या नमुन्यात, नमुना ३ वर होते. आपल्या वहीत “अमुकचं बाळ” असं आईच्या नावाने लिहा आणि जागा मोठ्यांइतक्याच काळजीने मोजा. ही जागा शोधत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत, पंधरा-पंधरा वर्षांनी.

बेवारस मृतदेह पोलीस आणतात. नाव नसतं, तेव्हा ठाण्याचं नाव, मर्ग क्रमांक (पोलिसांच्या आकस्मिक मृत्यू नोंदीचा), सापडल्याची जागा आणि तारीख, आणलेल्या शिपायाचा बक्कल नंबर हेच त्याचं नाव. पुढे ओळख पटली तर नेमकी जागा दाखवावी लागते, म्हणून अशी दोन दफनं एका खड्ड्यात होऊ देऊ नका.

पुरलेलं काढायची वेळ आली तर घरच्यांच्या तोंडी सांगण्यावर कबर उघडायची नाही. मृत्यूच्या कारणाच्या चौकशीसाठी मृतदेह बाहेर काढण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांना आहे. लेखी आदेशाची प्रत वहीला लावा, कोण हजर होतं ते लिहा, आणि परत कुठे ठेवलं तेही.

कॉम्प्युटरवर चढवताना

वही टाकून द्यायची नाही, तिची यादी करायची. साधी स्प्रेडशीट पुरते. पण तीन खड्डे आहेत.

मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. कोणी तरी पूर्वी कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये केलेली यादी मिळाली तर आधी ती रूपांतरित करून तपासा, नाहीतर फाँट नसलेल्या मशीनवर अख्खी दफनभूमी किड्यामुंग्यांची दिसते. दुसरं, एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, आणि ५-६ ला कधी पाच जून तर कधी सहा मे समजतो. दिवस, महिना, साल तीन वेगळ्या रकान्यांत घाला, कटकट मिटली. तिसरं, शोधण्यासाठी एक जादा रकाना ठेवा. वहीत ‘जोहन’ असेल तर मूळ रकान्यात जोहनच ठेवा आणि या जादा रकान्यात योहान, जॉन हेही टाका. मूळ नोंद सुधारायचा मोह टाळा. आकडेही एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम लावताना अर्धी ओळ वर आणि अर्धी तळाला जाते.

मृत्यूचं कारण आणि नातेवाइकांचे फोन नंबर सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत ठेवू नका. यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरते.

कागद टिकवायचा

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरासकट निघतो. लॅमिनेशनही नको. पान सुटं झालं असेल तर स्वच्छ कागदी पाकिटात ठेवा. कपाट लोखंडी, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि खालचा कप्पा रिकामा. उदई (वाळवी) भिंतीतून येते आणि पाणी खालून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भागात घराघरांत पाणी शिरलं तेव्हा शहराने पाहिलं की खालच्या कप्प्यात ठेवलेल्या कागदाचं काय होतं. एक प्रत कमिटीच्या अध्यक्षांकडे, एक चर्चमध्ये. तुमच्या घरी असलेली प्रत धरू नका; घरचं घरात हरवतं.

नावं गोळा करायचा दिवस

जुन्या कबरींची माहिती घरोघरी फिरून मिळत नाही. ती चालत येते, वर्षातून एकदा. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या स्मरणदिनी लोक झाडू, चुना, झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन येतात. कब्रस्तानात शब-ए-बरातच्या रात्री. लोक आपापल्या कबरीजवळ उभे असतात, म्हणजे ‘कोण’ आणि ‘कुठे’ दोन्ही एका जागी आलेले असतात. गेटजवळ टेबल टाका. भागवार नकाशे पसरा, ‘नाव माहीत नाही’ असलेल्या जागा लाल रंगात. विचारायचं एवढंच, “तुमचं कोण आहे, आणि शेजारी कोण आहे?” शेजारच्या कबरीची माहिती लोकांना बरेचदा स्वतःच्यापेक्षा पक्की असते, कारण दरवर्षी तिथली मेणबत्ती विझलेली पाहून ते आपली एक लावतात. मागच्या वर्षी अशा तऱ्हेने आमच्या क भागातल्या अकरा जागांना नावं मिळाली. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, पेन्सिलीने. शाईने नंतर, दुसरा कागद जुळला की. टेबलावर पाण्याची कॅन ठेवा, आणि पेन्सिली चार तरी. दोन लोक घेऊन जातात.